लाईट आल्यावर मशिदीच्या स्क्रीनने आधी काय करावं?

वळवाच्या पावसातली गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला वारा सुटला, झाडाची फांदी तारेवर पडली आणि लाईट गेली. मगरिबची नमाज जमातीने बॅटरीच्या उजेडात पढली, इशाही तशीच झाली. लाईट आली ती रात्री दीड वाजता. तेव्हा मशिदीत कोणीच नव्हतं. पण भिंतीवरची नमाजच्या वेळा दाखवणारी स्क्रीन आपोआप चालू झाली. खालचा अॅम्प्लिफायरही चालू झाला, कारण त्याचं बटण बंद करायचं राहून गेलं होतं. आणि रात्री दोन वाजून गेल्यावर मगरिबची घंटा भोंग्यावरून साऱ्या गावात वाजली.

शेजारच्या गल्लीतले एक आजारी आजोबा दचकून उठले. दोन-तीन घरांतून फोन आले. ट्रस्टी चाचा तसेच लुंगीवर धावत गेले आणि त्यांनी वायरच उपटली. सकाळी ते आणि इमाम साहेब आजोबांच्या घरी माफी मागायला गेले. माणसं भली होती. ‘मशीनला काय कळतंय,’ म्हणून त्यांनी चहा पाजून पाठवलं. पण दर वेळी समोर अशीच माणसं असतील असं नाही. भोंग्यावरून कुठली गोष्ट कुठे जाते, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

आम्ही काही मित्र सातारा आणि सांगलीकडच्या मशिदींतल्या अशा स्क्रीन सवडीने बघून देतो. आम्हाला बोलावणं आलं तेव्हा सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, ‘मशीन खराब झालीय, बदला.’ मशीन तपासली तर ती एकदम ठणठणीत होती. तिला जे नेमून दिलं होतं तेच तिने केलं होतं. चूक नेमून देणाऱ्याची होती, म्हणजे आपल्यासारख्यांचीच. ती चूक कुठे होते आणि कशी टाळायची, हे या लेखात सोप्या भाषेत सांगत आहोत. ट्रस्टींनी वाचावंच, पण घरच्या आई-बहिणींनीही वाचावं. कारण सहरीची वेळ मशिदीपेक्षा स्वयंपाकघरात जास्त पाहिली जाते.

डिफॉल्ट म्हणजे काय?

बहुतेक स्क्रीनच्या मागे एक लहान कॉम्प्युटर असतो. कुठे रास्पबेरी पाय नावाचं हाताच्या तळव्याएवढं बोर्ड असतं, कुठे कोणीतरी दिलेला जुना पीसी. लाईट आली की त्याच्यात आधी लिनक्स उठतं आणि मग एक यादी वाचतं : अमुक प्रोग्रॅम आधी चालू कर, तमुक नंतर, आवाज एवढा ठेव, शहर हे धर. या यादीला स्टार्टअप स्क्रिप्ट म्हणतात. पूर्वी लिनक्समध्ये हे काम साध्या स्क्रिप्टच्या फायलींनी चालायचं. आता बहुतेक ठिकाणी ते ‘सिस्टिमडी’ नावाच्या व्यवस्थेकडे आहे. ही व्यवस्था २०१० साली आली आणि डेबियन लिनक्सने ती २०१५ पासून ठरीव म्हणून घेतली. रास्पबेरी पायची नेहमीची प्रणाली डेबियनवरच उभी आहे.

या यादीत एखादी गोष्ट कोणी भरलीच नाही, तर मशीन स्वतःहून जे धरून चालते, त्याला डिफॉल्ट म्हणायचं. आपण परगावी जाताना शेजारच्या खालांकडे किल्ली देतो आणि सांगतो, ‘दूधवाला आला तर अर्धा लिटर घ्या, पाहुणे आले तर फोन करा, आणि काहीच कळलं नाही तर दार उघडू नका.’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं असतं. स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये नेमकं तेच लिहायचं राहून जातं. मशीन बसवणारा माणूस समोर उभा असतो, नेट चालू असतं, घड्याळ बरोबर असतं, सगळं छान दिसतं. खरी परीक्षा रात्री दीड वाजता असते, जेव्हा समोर कोणी नसतं.

घड्याळ का चुकलं?

रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. पाचव्या पिढीत ते आलं आहे, पण त्यालाही वेगळी बॅटरी जोडावी लागते. लाईट गेली की बोर्डाला वेळ कळण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून त्याच्या प्रणालीत एक तात्पुरती सोय असते : अधूनमधून वेळ कार्डावर लिहून ठेवायची आणि पुन्हा चालू होताना तीच वाचायची. नेट आलं की खरी वेळ इंटरनेटवरून मिळते आणि घड्याळ दुरुस्त होतं.

त्या मशिदीत काय झालं बघा. वेळ दर तासाला एकदा लिहिली जात होती. लाईट जाण्याआधीची शेवटची नोंद ६ वाजून १७ मिनिटांची होती. रात्री दीड वाजता मशीन उठली ती ‘सव्वासहा वाजलेत’ असं समजून. नेटचा राउटर चालू झाला होता, पण गावातलं नेट सकाळपर्यंत आलंच नाही. मग पाऊण तासाने, तिच्या हिशेबाने मगरिब झाली. तिने घंटा दिली. तिच्या बाजूने सगळं बरोबर होतं.

आता हीच गोष्ट रमजानमध्ये धरा. पहाटे चारला लाईट गेली, साडेचारला आली. स्क्रीन मात्र सव्वातीनवरून चालू झाली. मागे पडलेलं घड्याळ सहरीला फार घातक, कारण ते सांगतं, ‘अजून बराच वेळ आहे.’ पुढे गेलेलं घड्याळ इफ्तारला घातक, कारण ते सूर्य बुडायच्या आधीच रोजा सोडायला लावतं. म्हणजे ‘थोडं मागेपुढे चालतं’ हे इथे चालत नाही.

पहिला नियम : खात्री नसेल तर वेळ दाखवू नका

आमच्या मते स्क्रीनचं सगळ्यात पहिलं डिफॉल्ट हे असावं : घड्याळाची खात्री झाल्याशिवाय नमाजच्या वेळा दाखवायच्या नाहीत. त्याऐवजी मोठ्या अक्षरांत लिहायचं, ‘घड्याळ तपासलेलं नाही. भिंतीवरचा तक्ता पाहा.’ कोरी स्क्रीन दिसली की माणूस चौकशी करतो. चुकीची वेळ दिसली की माणूस विश्वास ठेवतो.

सिस्टिमडीमध्ये ‘वेळ जुळल्यावरच हा प्रोग्रॅम चालू कर’ असं सांगता येतं. पण इथे एक मेख आहे. नुसतं ‘वेळ जुळल्यानंतर’ असं लिहून भागत नाही. वेळ जुळेपर्यंत थांबून राहणारी एक वेगळी सेवा आहे आणि बहुतेक ठिकाणी ती बंदच असते. ती हाताने चालू करावी लागते. ती चालू नसेल तर मशीन वाट न पाहता पुढे निघून जाते आणि आपण समजतो की बंदोबस्त झाला.

उलट बाजूही बघायला हवी. नेट दोन दिवस आलंच नाही, तर स्क्रीन दोन दिवस काळी राहणार का? म्हणून थांबण्याला हद्द हवी. दोन मिनिटं वाट पाहा, मग तो सावधगिरीचा मजकूर दाखवा आणि मागे प्रयत्न चालू ठेवा.

यावरचा खरा उपाय मात्र साधा आहे. बोर्डाला बॅटरीवर चालणारं घड्याळ लावा. ‘डीएस ३२३१’ नावाची छोटी चिप मिळते, तिला नाण्याएवढा सेल बसतो आणि ती वर्षाला साधारण एका मिनिटापेक्षा जास्त चुकत नाही. ती लावली की आधीची ‘लिहून ठेवलेली वेळ वाचायची’ सोय काढून टाकायला विसरू नका, नाहीतर दोघांत भांडण लागतं. जुना पीसी असेल तर त्याच्या आत असाच नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की तारीख काही वर्षं मागे जाते. नेट चालू असूनही सगळ्या वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणायला लागल्या, तर आधी तारीख बघा. बहुतेक वेळा सेलच गेलेला असतो.

दुसरा नियम : काही गोष्टींना डिफॉल्ट असूच नये

शहर, हिशेबाची पद्धत आणि अस्रचा मसलक या तीन गोष्टी मशीनने स्वतःहून धरूच नयेत. त्या भरल्या नसतील तर स्क्रिप्टने सरळ थांबावं आणि ‘ही माहिती भरा’ म्हणावं.

आधी शहराचं बघू. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. सातारा साधारण ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे, सांगली साधारण ७४.६ वर. एवढ्यानेच सांगलीत सूर्य सव्वादोन मिनिटं आधी बुडतो. शिवाय सांगली दक्षिणेला असल्यामुळे हा फरक ऋतूप्रमाणे बदलतो. जूनमध्ये दोन्हीकडच्या सूर्यास्तात जवळपास ४ मिनिटांचं अंतर पडतं, डिसेंबरमध्ये एक मिनिटही राहत नाही. म्हणून ‘सांगलीच्या वेळेत दोन मिनिटं मिळवा, साताऱ्याची झाली’ हा हिशेब वर्षभर चालत नाही. सांगलीवर लावलेली स्क्रीन साताऱ्यात नेली तर इफ्तार काही मिनिटं आधी होईल.

समजा, शहर भरलं नाही म्हणून एखाद्या अॅपमध्ये मुंबईच राहून गेली. मुंबई ७२.९ अंशांच्या आसपास आहे. सांगलीपासून केवळ रेखांशाचाच फरक ६ ते ७ मिनिटांचा. मुंबईची पहाट सांगलीच्या नंतर होते. तेव्हा मुंबईची वेळ पाहून सांगलीत सहरी करणारा माणूस वेळ संपल्यावरही खात बसतो, आणि त्याला ते कळतही नाही. टाइमझोन भरायचा राहिला तर त्याहून मोठा घोळ. मशीन जागतिक वेळ धरते आणि सगळं साडेपाच तास मागे जातं. पण ही चूक बरी म्हणायची, कारण ती लगेच दिसते. सहा मिनिटांची चूक वर्षानुवर्षं दिसत नाही.

मग हिशेबाची पद्धत. सूर्य क्षितिजाखाली किती अंश असताना फज्र सुरू होते, यावर पद्धती वेगवेगळ्या आहेत. कराचीच्या विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत १८ अंश धरते. उत्तर अमेरिकेतली एक प्रचलित पद्धत १५ अंश धरते. आपल्या भागात या ३ अंशांचा अर्थ होतो १२-१३ मिनिटं. बाहेरदेशी बनलेलं अॅप तसंच्या तसं वापरलं तर सहरी तेवढी पुढे सरकू शकते.

अस्रचंही तसंच. हनफी मसलकात सावली वस्तूच्या दुप्पट झाल्यावर अस्रचा वक्त धरतात, शाफई मसलकात एकपट झाल्यावर. दोन्हींत मूळ दुपारची सावली वेगळी मिळवायची असते. यामुळे वेळेत हंगामाप्रमाणे साधारण पाऊण ते सव्वा तासाचा फरक पडतो. आपल्या घाटावर बहुतेक जमाती हनफी आहेत, खाली कोकणात शाफई भाऊ मोठ्या संख्येने आहेत. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये ‘स्टँडर्ड’ नावाचा जो पर्याय असतो तो एकपटीचा. हनफी मशिदीत तोच राहून गेला, तर वक्त व्हायच्या आधी अस्र दाखवली जाते.

यातलं बरोबर काय, हे ठरवणं आमचं काम नाही आणि मशीनचं तर नाहीच. ते आपल्या इमाम साहेबांना, आलिमांना विचारायचं, आणि जमातीचा जो छापील तक्ता आहे त्याच्याशी स्क्रीन जुळवायची. तक्त्यात एहतियात म्हणून मिनिटं धरलेली असतील तर स्क्रीनमध्येही तीच धरायची.

तिसरा नियम : आवाजाचं डिफॉल्ट गप्प राहणं

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर भोंगा वाजवता येत नाही. राहत्या वस्तीसाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. तेव्हा मशीन कधीही उठो, तिचा आवाज शून्यावरूनच सुरू व्हायला हवा. माणसाने येऊन चालू केला तरच आवाज. आम्ही तर म्हणू, स्क्रीनची वायर भोंग्याच्या अॅम्प्लिफायरला जोडूच नका. बांग द्यायला बांगी साहेब आहेत. स्क्रीनचं काम वेळ दाखवणं, एवढंच.

याच ठिकाणी आणखी एक सेटिंग पाहून घ्या. ठरलेल्या वेळी काम करणाऱ्या टायमरला एक पर्याय असतो : मशीन बंद असताना जे काम हुकलं ते चालू झाल्यावर लगेच करून टाक. हिशेबाच्या फायलींची प्रत काढून ठेवायची असेल तर हा पर्याय चालू हवा, हुकलेलं काम झालंच पाहिजे. पण घंटेसाठी तो बंदच हवा. हुकलेली मगरिबची घंटा मध्यरात्री वाजवून कोणाचाच फायदा नाही. एकच पर्याय एका कामाला चांगला, दुसऱ्याला वाईट. म्हणून दुसऱ्याच्या मशीनवरून सेटिंग जशीच्या तशी उचलू नका.

चौथा नियम : पडली तर उठावी, पण दम घेऊन

प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर सिस्टिमडी त्याला पुन्हा उठवू शकते, पण सांगितलं तरच. काही न सांगितल्यास ती उठवत नाही. आणि नुसतं ‘नेहमी उठव’ एवढंच सांगितलं, तर ती सेकंदाच्या दहाव्या भागात परत उठवायला जाते. नेट किंवा स्क्रीन तयार नसेल तर प्रोग्रॅम पुन्हा पडतो. १० सेकंदांत असं ५ वेळा झालं की ती हात टेकते आणि पुढे प्रयत्नच करत नाही. लाईट आल्यावर ‘स्क्रीन कधी चालू होते, कधी होत नाही’ ही तक्रार आम्ही बऱ्याचदा ऐकतो, तिचं एक कारण हे असतं. उपाय एका ओळीचा आहे : दोन प्रयत्नांमध्ये १०-१५ सेकंदांचं अंतर ठेवा.

जुना पीसी असेल तर त्याच्या बायोसमध्ये ‘लाईट आल्यावर काय करायचं’ असा पर्याय असतो : बंद राहायचं, चालू व्हायचं, की आधी जसं होतं तसं. मशिदीसाठी ‘आधी जसं होतं तसं’ हे बरं. मुद्दाम बंद केलेली मशीन मग आपोआप उठणार नाही. रास्पबेरी पाय असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये मेमरी कार्डावर काही न लिहिण्याची सोय आहे. सारखी लाईट जाऊन कार्ड खराब होण्याची भीती त्याने कमी होते. मात्र ती चालू केल्यावर पुढचे बदल जपले जात नाहीत, म्हणून सगळ्यात शेवटी चालू करा.

वायर काढून बघा

हे सगळं केलं की नाही, ते कळायला कॉम्प्युटर शिकलेलं असायची गरज नाही. ट्रस्टींनी चार जणांसमोर एवढंच करावं.

पहिल्यांदा, स्क्रीनची वायर काढा, दहा मिनिटांनी लावा. वेळ बरोबर आली पाहिजे.

दुसऱ्यांदा, राउटर बंद ठेवून तेच करा. एकतर बरोबर वेळ दिसली पाहिजे किंवा ‘घड्याळ तपासलेलं नाही’ असं दिसलं पाहिजे. तिसरं काही दिसलं तर काम अपुरं आहे.

तिसऱ्यांदा, रात्रभर वायर काढून ठेवा आणि सकाळी लावा. घंटा, आवाज, काहीही आपोआप वाजता कामा नये.

शेवटी स्क्रीनवरच्या पाचही वेळा छापील तक्त्याशी जुळवा. हे रमजानच्या आधी एकदा आणि पावसाळ्याच्या आधी एकदा करा.

घरी मोबाईलवर अॅप असेल तर तीन गोष्टी आजच बघा : शहर कोणतं आहे, पद्धत कोणती आहे, अस्र कोणत्या मसलकाची आहे. अम्मीच्या, दादीच्या मोबाईलवरही बघा. त्यांच्या मोबाईलमध्ये अॅप टाकून देणारा नातू बहुतेक वेळा शहर मुंबईच ठेवून जातो.

जाता जाता एक सांगतो. त्या गावातली स्क्रीन ज्या पोराने बसवली होती तो आता पुण्याला कामाला आहे. त्याने काम मन लावून केलं होतं, पण काय काय भरलं ते कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. पासवर्डसुद्धा त्याच्याच डोक्यात. आम्ही फोन केला तर तो बिचारा शिफ्टवर. आता त्या मशिदीत स्क्रीनच्या मागे एक कागद चिकटवला आहे. त्यावर शहर, पद्धत, मसलक, घड्याळाचा सेल कधी बदलला ती तारीख, आणि ‘वायर काढून तपासणी केव्हा केली’ याच्या नोंदी आहेत. पासवर्ड बंद पाकिटात ट्रस्टी चाचांच्या कपाटात आहे. अॅम्प्लिफायरची वायर कायमची काढली आहे.

त्यानंतरही दोन-तीनदा रात्री लाईट गेली आणि आली. स्क्रीन चालू झाली, नेट नव्हतं तेव्हा सावधगिरीचा मजकूर दाखवून गप्प बसली. गल्लीत कोणाची झोपमोड झाली नाही. आजोबांची तब्येत विचारायला चाचा अजून अधूनमधून जातात.